भिंतींचे रंग

ईस्टरनंतर घरांना आशीर्वाद देत फिरताना आमची दृष्टी भिंतींकडे जातेच. लग्नकार्यासाठी कर्ज काढून रंगविलेली घरे आम्ही पाहतो. चार पावसाळ्यांत रंग विटतो. कर्ज मात्र ताजेच राहते.

मागे भोपाळला जाणे झाले. तेथील श्यामला टेकडीवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात आदिवासींची घरे उभारलेली आहेत. ती पाहताना पुष्कळ शिकावयास मिळाले. गोंड गृहिणीजवळ रंग मोजकेच : पांढरी व पिवळी माती, गेरू, काजळी. सणासुदीला भिंत सारवून ती त्यांनीच नक्षी रेखाटते. पाटनगढच्या अशाच भिंतींवर जनगढसिंह श्याम यांचा हात वळला आणि १९८२ साली त्यांची चित्रे भोपाळच्या भारत भवनात लागली.

ही शोभा जुनी होत नाही. घरचेच हात ती पुनःपुन्हा नवी करतात.

वाचकहो, भिंतींना एकच सौम्य रंग द्यावा. नक्षी घरातील वेदीभोवतीच असावी, म्हणजे सायंकाळी जपमाळेस बसलेल्या कुटुंबाची नजर तेथे स्थिरावेल. मुलांच्या हातीही कुंचला द्यावा. रेघ वाकडी आली तरी चालेल. नाझरेथच्या घरालाही कष्टकरी हातांचीच शोभा होती.