दोर कोण धरणार?

गेल्या हिवाळ्यात माझी भाची मैत्रिणींबरोबर तीन दिवस बदामीला जाऊन आली. बोटांची सालं निघालेली, गुडघे खरचटलेले, आणि चेहरा असा फुललेला की काय सांगू! रविवारी बस्तीत आपल्याच बायकांनी तिला घेरलं. "दगड चढायला गेली होतीस म्हणे?" "आता हेच राहिलं होतं काय?" आणि शेवटी तो ठरलेला प्रश्न, "असले हात बघून पाहुणे काय म्हणतील गं?" संध्याकाळी तिच्या बाबांनी निकाल देऊन टाकला. परत जायचं नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तिच्यासाठी कमी, आपल्यासाठी जास्त.

बदामीला आपणही जातो. चौथ्या क्रमांकाच्या लेण्यात, पायांना वेली वेढलेल्या बाहुबलींपुढे हात जोडतो आणि गाडीत बसतो. पण त्या गावाभोवतीच्या तांबड्या वालुकाश्माच्या कड्यांवर लांबलांबून मुलंमुली चढाईला येतात, हे आपल्या गावीही नसतं. ही पोरं लेण्यांना हात लावत नाहीत, त्यांचे कडे वेगळे. शिकणारीला तीस-चाळीस फुटांचा दगड पुष्कळ होतो. दोर वरच्या पक्क्या आधारातून ओवलेला असतो. त्याचं एक टोक चढणारीच्या कमरेच्या पट्ट्याला आठच्या गाठीनं बांधायचं. दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे. ती जशी चढेल तसा हिनं दोर ओढून घ्यायचा. वर हात सुटलाच, तर मुलगी थोडी खाली येते आणि दोरावर लोंबकळते.

धोका नाही, असं मी म्हणत नाही. पावसानं भिजलेला वालुकाश्म कच्चा पडतो, धरलेली कपार हातात येते. वरून खडा सुटतो, म्हणून डोक्यावर हेल्मेट हवं. गाठ दोघींनी तपासायची असते. पण यातलं एक तरी कुणी विचारलं का? दोर कसला होता, खाली कोण उभी होती, शिकवणारा कोण होता? नाही. विचारलं ते हातांबद्दल. म्हणजे काळजी पोरीच्या जिवाची नव्हती, स्थळाची होती. मग तसं सरळ म्हणा की!

काही जणी म्हणतात, बाईच्या जातीला हे झेपत नाही. अहो, शिखरजीची सत्तावीस किलोमीटरची वंदना साठीतल्या आपल्या काकू अनवाणी, उपाशीपोटी करून येतात. श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर खडकात कोरलेल्या सहाशेहून जास्त पायऱ्या आपण सगळ्या चढलोय. दशलक्षणात दहा उपवास करणाऱ्या मुलीची आपण मिरवणूक काढतो. उपवासाला माझा विरोध नाही, मीही करते. पण मुलीचं शरीर सोसतं तेव्हा कौतुक आणि तेच शरीर आनंदानं वापरलं की लाज, हा कुठला न्याय?

साताऱ्याची प्रियंका मोहिते 2022 मध्ये कांचनजुंगा चढली. आठ हजार मीटरवरची पाच शिखरं गाठणारी ती पहिली भारतीय महिला. तेव्हा याच बायकांनी तिचा फोटो मोबाईलवर एकमेकींना पाठवला होता. दुसऱ्याची लेक हिमालयात चालते, आपली तीस फुटांच्या दगडावर चालत नाही!

तेव्हा बायांनो, बंदी घालण्याआधी एकदा त्या दगडाखाली जाऊन उभ्या राहा. दोर बघा, गाठ बघा, शिकवणाऱ्याला खडसावून प्रश्न विचारा. तो तुमचा हक्कच आहे. काही खटकलं तर पोरीला परत आणा, मी तुमच्या बाजूनं बोलेन. आणि सगळं ठीक वाटलं, तर दोर धरायला शिका. खालची माणूस जरा वजनदार असली तर बरंच असतं म्हणे. आयुष्यभर ज्या वजनाबद्दल ऐकून घेतलं, ते कुठेतरी कामी येईल.

भाचीच्या बाबांना मी सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला मी बरोबर जाणार आहे. दोर मी धरणार.