रिकामा डबा

आमच्या घरात स्टीलचा पहिला डबा आला, तो आईने बोहारणीला दोन जुनी लुगडी आणि वडिलांचा एक कोट देऊन घेतला होता. तो कोट वडील अजून वापरत होते, हे आईला दुसऱ्या दिवशी कळले. डब्यावर नाव घातले गेले आणि पुढची चाळीस वर्षे त्याने इमानेइतबारे पोहे सांभाळले. त्याला पोचे किती होते म्हणता! कुठला पोचा कुठल्या भांडणातला, हे आई बोट ठेवून सांगत असे.

हे आठवायचे कारण आमचे चिरंजीव. वय पस्तीस, नोकरी बरी, आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात स्टीलचे ६१ डबे. एकातही पोहे नाहीत.

हे व्हिडिओ गेमचे डबे आहेत. गेमची तबकडी एरवी साध्या प्लास्टिकच्या डबीत येते. पण शौकिनांसाठी पुस्तकासारखा उघडणारा पत्र्याचा डबा काढतात. त्याला स्टीलबुक म्हणतात, आणि ते नाव डेन्मार्कच्या स्कॅनाव्हो या कंपनीचे आहे. वर उठावाचे चित्र, कुठे चकाकी, कुठे मंद छटा, उघडल्यावर आत आणखी एक चित्र. देखणा असतो, खोटे कशाला बोलू? पहिला डबा पाहून मीसुद्धा "वा!" म्हणालो होतो. माझे चुकलेच. त्यानंतर साठ आले.

या डब्याला पोचा पडून चालत नाही. मागच्या पावसाळ्यात एक पार्सल आले. कोपऱ्याला तांदळाएवढा पोचा. चिरंजीव दोन दिवस जेवले नाहीत. "अरे, आतली तबकडी तर शाबूत आहे ना?" मी विचारले. "बाबा, प्रश्न तबकडीचा नाहीये," ते म्हणाले. मला वाटते, सगळ्या दुखण्याचे मूळ या एका वाक्यात आहे. आता प्रत्येक डब्याला पारदर्शक प्लास्टिकचे खोळ आहे. म्हणजे तबकडीला डबा, डब्याला खोळ, खोळीला कपाट, आणि कपाटाला कुलूप. किल्ली कुठे आहे हे फक्त सौ.ला ठाऊक, कारण मी एकदा त्यातल्या एका डब्यात विमा पॉलिसी ठेवता येईल का, असे विचारले होते.

बरे, पत्र्याच्या डब्यात माल सुरक्षित राहतो म्हणावे, तर तेही नाही. २००७ साली मायक्रोसॉफ्टचा 'हॅलो ३' हा गेम खास धातूच्या डब्यात निघाला. आतल्या तबकड्या जागच्या सुटून डब्यात फिरू लागल्या आणि त्यांवर ओरखडे उठले. शेवटी कंपनीने तबकड्या फुकट बदलून दिल्या. तरी मी त्या डब्याला मान देतो. कारण त्यात खडखडायला काहीतरी होते!

आता खडखडाटही उरलेला नाही. २०२२ साली 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' या गेमचा खास संच निघाला. किंमत २०० डॉलरला एक सेंट कमी. त्यात १६ इंची हातोडा, फासे, दोन कोरीव बाहुल्या आणि एक स्टीलबुक. आणि त्या स्टीलबुकात? काही नाही. गेमसाठी कागदावर छापलेला एक आकडा. तो यंत्रात भरा आणि गेम तारेवरून उतरवून घ्या. पुढल्या वर्षी 'स्टारफील्ड'च्या ३०० डॉलरच्या संचात घड्याळ मिळाले, डबा मिळाला, तबकडी नाही. डब्याला तबकडी बसवायचा खाचा मात्र असतो. पाट मांडलाय, रांगोळी घातलीय, ताट नाही!

आमच्याकडे शेजारणीचा डबा परत करताना रिकामा देत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. ही रीत कोणी या कंपन्यांना शिकवील काय?

चिरंजीव म्हणतात, "बाबा, हल्ली सगळं डाउनलोडच असतं. डबा ही आठवण." आठवण कसली? हाच मुलगा आठ वर्षांचा असताना त्याच्याकडे एक पिवळी कॅसेट होती. तिला डबा नव्हता. चालली नाही की फुंकर मारायची, की चालायची. ती कॅसेट सोसायटीच्या चारही मजल्यांवर राहून आली. एकदा तर ती तीन आठवडे हरवली आणि परत आली तेव्हा सोबत दुसरीच एक आली. आकड्याचे तसे नसते. एकदा वापरला की संपला. तो कुणाला उसना देता येत नाही, विकता येत नाही. आमच्या चिरंजीवांचे ६१ डबे बघायला मित्र येतात, चहा घेतात, "भारी" म्हणतात आणि हात हलवीत जातात. नेणार काय?

आणि नुसती तबकडी असली म्हणजे भागले, असेही नाही. युबिसॉफ्टने 'द क्रू' या २०१४ सालच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले. तो गेम सर्व्हरशिवाय चालतच नसे. ज्यांनी तबकडी पैसे मोजून घेतली, त्यांच्या हातात चकचकीत बशी उरली. घर विकत घ्यायचे आणि दहा वर्षांनी बिल्डरने जिनाच काढून न्यायचा, यातला प्रकार. अशा वेळी गिऱ्हाइकाने बोंब मारायला हवी. पण गिऱ्हाईक डब्याचा पोचा तपासण्यात गुंतलेले असते. कंपन्यांना आणखी काय हवे? माल काढून घेतला तरी माणसे वेष्टनासाठी रांग लावतात!

हे मी घरात मोठ्या आवाजात बोललो. चिरंजीवांनी हेडफोन लावले. सौ. म्हणाली, "तुमच्या कपाटातले दिवाळी अंक १९७८ पासूनचे आहेत. त्यातले वाचलेत किती?" हा मुद्दा येथे गैरलागू आहे.

गेल्या रविवारी किल्ली सापडली. मी फार काही केले नाही. तो हातोडेवाल्या संचातला डबा उघडला, खाचा होता तिथे चिमूटभर साखर ठेवली आणि पुन्हा नीट बंद केला. मुंग्यांना खोळीतून वाट सापडेल, हे मला कसे कळणार? चिरंजीव तेव्हापासून माझ्याशी सौ.मार्फत बोलतात.