धर्मांची ओळख : शिकवण्याआधीची चाचणी

जगातील धर्मांचा परिचय करून देण्याआधी विद्यार्थ्यांना त्यांविषयी काय ठाऊक आहे, हे पाहणाऱ्या चाचणीला गुण नसतात. बी.एड.च्या पाठ टाचणात ‘पूर्वज्ञान’ हा रकाना असतोच. तो बहुधा दोन ओळींत उरकला जातो. धर्माच्या बाबतीत मात्र हे चालत नाही, कारण घर, सण, शेजार आणि मोबाइल यांतून मुलांच्या समजुती वर्गात येण्याआधीच पक्क्या झालेल्या असतात.

राज्यघटनेच्या 28व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. धर्मांविषयी माहिती देणे ही वेगळी गोष्ट आहे. कोठारी आयोगाने (1964-66) हा भेद स्पष्ट केला होता. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने 1999 मध्ये सर्व प्रमुख धर्मांची मूलतत्त्वे मुलांना कळावीत, असे सुचवले. शालेय अभ्यासक्रमाविषयीच्या अरुणा रॉय खटल्याच्या 2002च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या अहवालाचा आधार घेतला.

मुलांना आधीपासून काय ठाऊक असते, हे ठिकाणानुसार बदलते. उदाहरणार्थ, दिल्ली परिसरातील मराठी मुलांची धर्मांविषयीची माहिती मोठी विषम असू शकते. बंगला साहिब गुरुद्वाराच्या लंगरात जेवलेल्या मुलाला गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत, हे ठाऊक असेलच असे नाही. 2011च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख महाराष्ट्रातले. दिल्लीच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण जेमतेम 0.11 टक्के. त्यामुळे नागपूरच्या मुलासाठी बौद्ध धर्म हा शेजार असतो, तर द्वारका किंवा नोएडातल्या मुलासाठी अनेकदा इतिहासाचा एक धडा. दिल्लीच्या हुमायून रोडवर ज्यूंचे सिनेगॉग आहे आणि बेने इस्रायली ज्यूंची मातृभाषा मराठी आहे, हे तर मोठ्यांनाही सांगावे लागते.

प्रश्न रचताना रूढ गैरसमज पर्यायांत मुद्दाम ठेवावे लागतात. महावीर हे जैन धर्माचे संस्थापक, हा त्यांतला नेहमीचा. जैन परंपरेत ते चोविसावे तीर्थंकर आहेत. ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी भारतात आणला, हा दुसरा. केरळातील सीरियन ख्रिस्ती पोर्तुगीजांच्याही कितीतरी शतके आधीचे. प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री आहे’, ‘अंदाज आहे’, ‘माहीत नाही’ अशी खूण करायला सांगितली, तर चाचणीचा खरा उपयोग होतो. अंदाजाने बरोबर आलेल्या उत्तरातून शिक्षकाला फारसे कळत नाही. खात्रीने दिलेले चुकीचे उत्तर मात्र धडा कुठून सुरू करायचा ते सांगते.

धर्म पाळणे आणि धर्मांविषयी माहिती असणे, यांचा मेळ बसेलच असे नाही. अमेरिकेत प्यू संशोधन संस्थेने 2010 मध्ये 32 प्रश्न विचारले तेव्हा सरासरी निम्मीच उत्तरे बरोबर आली. सर्वांत वरच्या गटांत ज्यू आणि मॉर्मन यांच्या जोडीला नास्तिक व अज्ञेयवादीही होते. अर्थात अशा प्रश्नांनी तपशील मोजता येतो, श्रद्धा नाही.

उत्तरपत्रिकेवर नाव नको आणि मुलाचा स्वतःचा धर्म विचारणे तर नकोच. वर्गातल्या एकुलत्या एका मुस्लिम किंवा ख्रिस्ती मुलाला ‘तूच सांग’ म्हणून उभे करण्याचा मोह शिक्षकाने टाळायलाच हवा. दहा वर्षांचे मूल कुठल्याही धर्माचे प्रवक्ते नसते. शिकवून झाल्यावर तेच प्रश्न पुन्हा द्यावेत, आणि तुलना वर्गाच्या पहिल्या उत्तरांशी करावी, एका मुलाची दुसऱ्याशी नव्हे.