साधन गौण नव्हे

'साधन बदलले म्हणून लेखन बदलत नाही' हे वाक्य आम्ही चर्चासत्रांतून इतक्यांदा ऐकले आहे (आणि खोटे कशाला बोला, वर्गात स्वतःही उच्चारले आहे) की त्याचा प्रतिवाद करणे हे आता आम्हांस प्रायश्चित्तच वाटते. ब्लॉगलेखनाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ढालीसारखे पुढे येते. आशय पाहा, सॉफ्टवेअर कसले पाहता, असा एकंदर आविर्भाव.

डेव्ह वायनर या अमेरिकी संगणकतज्ज्ञाचा 'स्क्रिप्टिंग न्यूज' हा ब्लॉग पाहावा. तो १९९७ पासून चालू आहे. लेखक एकच, विषय बहुतांशी सॉफ्टवेअर. साधने मात्र अनेक आणि पुष्कळशी स्वतःच घडविलेली: आरंभी 'फ्रंटिअर', मग १९९९चे 'मॅनिला', २००२चे 'रेडिओ यूजरलँड', २०१३चे 'फार्गो'. मुद्दा, त्याखाली पोटमुद्दा, अशा उतरंडीने लिहू देणारी साधने वायनर १९८०च्या दशकापासूनच करीत होते. ब्लॉगही त्याच वळणाचा होता. दिवसाची तारीख आणि तिच्याखाली कुठे एक ओळ, कुठे एखादा दुवा, कुठे परिच्छेद. नोंदींना शीर्षक नसे.

पुढे वाचक आरएसएसद्वारे ब्लॉग वाचू लागले. वायनर यांनीच २००२ मध्ये सिद्ध केलेल्या 'आरएसएस २.०'त शीर्षक ऐच्छिक होते. परंतु वाचनाची सॉफ्टवेअरे, त्यांतही २००५ ते २०१३ या काळातील गूगल रीडर, प्रत्येक नोंदीला शीर्षक असणारच असे गृहीत धरून चालत. मग नियम करणाराच वाकला. नोंदींना शीर्षके आली, एकेका ओळीचे स्फुट ट्विटरकडे गेले आणि रोजनिशीच्या जागी सुटे लेख उभे राहिले. शीर्षकहीन नोंदींकडे वायनर पुन्हा वळले ते २०१७ मध्ये.

याला गौण म्हणावयाचे? शीर्षक दिले की नोंदीला प्रतिपादन करावे लागते, समारोपाची जबाबदारी येते. अर्धवट विचाराला जागा उरत नाही. म्हणजे येथे लेखनप्रकारच बदलला. जात्यावरच्या ओवीची लय आपण जात्याच्या फेऱ्याशी जोडतो, मराठी कथेच्या घडणीचे श्रेय मासिकांना देतो. ब्लॉगपाशी आल्यावरच ही दृष्टी कुठे जाते? आमच्या मते हा केवळ आळस आहे. सॉफ्टवेअर म्हटले की ते विज्ञानशाखेचे, अशी आपली सोयीस्कर वाटणी!

या आळसाची किंमत संहितेला मोजावी लागते. जून २००४ मध्ये वायनर यांनीच आपल्याकडील मोफत ब्लॉगसेवा एकाएकी थांबविली तेव्हा सुमारे तीन हजार ब्लॉग वाचकांसमोरून नाहीसे झाले. लेखकांना आपल्या मजकुराची प्रत मागून घ्यावी लागली. ब्लॉग एका साधनातून दुसऱ्यात हलविताना प्रतिसाद गळू शकतात, दुवे तुटतात. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली हे आपण परीक्षेला विचारतो, आणि ब्लॉगवरील प्रबंधिका मात्र नुसत्या पत्त्यावर मान्य करतो. तो पत्ता उद्या उघडला नाही तर परीक्षकाने काय तपासावे? म्हणून येत्या सत्रापासून आमच्या विद्यार्थ्यांकडून आम्ही पाहिल्याची तारीख, त्या दिवशीची छापील प्रत आणि प्रकाशनसाधनाचे नाव मागणार आहोत. सहकाऱ्यांनी याला कारकुनी म्हणावे. आम्ही तिला पाठचिकित्सा म्हणतो.