भुताची हिरवी पावले

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या आसगावी माझ्या लहानपणी दूरदर्शनचा संच होता तो शेजारच्या काकाजींकडे. संच कृष्णधवल, पण काकाजींची हौस रंगीत! त्यांनी कुठूनशी प्लास्टिकची एक रंगीत काच आणून पडद्यापुढे बसवली. ती वर निळी, मध्ये तांबूस आणि खाली हिरवी. आकाश निळे आणि गवत हिरवे दिसले की काकाजी मिशांवरून हात फिरवीत. एका रात्री 'वो कौन थी?' लागला. मुसळधार पाऊस, मोटारीच्या काचेवरून ओघळणारे पाणी, आणि अंधारात पांढऱ्या साडीतली साधना! आम्ही पोरे एकमेकांना घट्ट धरून बसलो होतो. पण पाहतो तो तिचे केस निळे आणि पावले हिरवी. सारे घर हसू लागले. कोपऱ्यातून म्हातारी आत्या तेवढी म्हणाली, "भुताले काहून रंग पायजे बाप्पा?"

गेल्या दिवाळीत मंडईसाठी सारे कुटुंब गावी जमले असता आत्याचा तो प्रश्न मला पुन्हा आठवला. नागपूरहून आलेला भाचा आपल्या संगणकावर 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' पाहत होता. जॉर्ज रोमेरोचा हा १९६८ चा भयपट मुळात कृष्णधवल. ऐन वेळी नाव बदलताना त्यावरची हक्काची ओळ गळाली आणि चित्रपट बिनधन्याचा झाला. मग काय, कोणीही यावे आणि रंग फासावा! १९८६ च्या रंगीत आवृत्तीत मरून उठलेली माणसे चक्क हिरवी आहेत. पुढे तर मूळ लेखकांपैकीच एकाने नवी दृश्ये चित्रित करून ती मध्ये घुसडली. भाचा हसत होता. म्हणाला, "मामाजी, ह्याला लोक घाबरत होते?"

माझ्यातला मास्तर जागा झाला, हे सांगायला नकोच. पण रागाच्या भरात निवाडा करू नये. रंगाच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. 'मुगल-ए-आझम' १९६० साली आला तेव्हा त्यातला शीशमहालाचा भाग रंगीतच होता. के. आसिफ यांना सगळाच चित्रपट रंगीत करायचा होता. ते जमले नाही. २००४ च्या दिवाळीत तो संपूर्ण रंगून आला, तेव्हा त्या निमित्ताने जुनी फिल्म स्वच्छ झाली आणि नव्या पिढीने चित्रपटगृहात जाऊन तो पाहिला. 'हम दोनो' तर २०११ साली खुद्द देव आनंद यांच्या हयातीत रंगीत होऊन आला. अशा वेळी आपण नाके का मुरडावी?

भयपटाची गोष्ट मात्र निराळी आहे. हिचकॉकने 'व्हर्टिगो' रंगीत केला आणि त्यानंतर १९६० साली 'सायको' हट्टाने कृष्णधवल केला. त्यातले रक्त म्हणजे चॉकलेटचे पातळ सरबत! रंगात ते मिठाईच दिसले असते. रोमेरोजवळ पैसा नव्हता. पण त्या दरिद्री, खरबरीत चित्रामुळेच पडद्यावरची गोष्ट खऱ्या बातमीपटासारखी वाटते. भय राहते ते न दिसणाऱ्या जागेत. 'वो कौन थी?'चे छायाचित्रकार के. एच. कापडिया यांनी काळोख मोजूनमापून वापरला आहे. रंग भरणाऱ्याला त्या काळोखातही काहीतरी भरावेसे वाटते, आणि तिथेच भूत पळून जाते.

मग जुन्याला हातच लावू नये काय? तसे मी म्हणत नाही. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४ चा, कृष्णधवल. त्याच कथेवर राज खोसला यांनी १९६६ साली 'मेरा साया' रंगीत केला. ते नवे घर झाले. जुन्या घराची वीट हलली नाही. आजही दोन्ही चित्रपट आपापल्या नावाने उभे आहेत.

हा विवेक आपल्याला परका नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला. एवढा मोठा कवी, पण स्वतःची एक ओवी त्यात घातली नाही. उलट, जो घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, अशा अर्थाची ताकीद देऊन ठेवली. जीर्णोद्धार आणि रंगरंगोटी यांतला फरक याहून स्वच्छ कोणी सांगितला असेल असे मला वाटत नाही. रंगवा, पण मूळ प्रत शेजारी ठेवा आणि रंगवलेली कोणती ते सांगा. नाहीतर माझ्या वर्गात झाले तसे होते: 'मुगल-ए-आझम' कधी कृष्णधवल होता, हे माझ्या एका हुशार विद्यार्थिनीला ठाऊकच नव्हते. दोष तिचा नव्हे. तिच्यापुढे दुसरी प्रत आलीच नव्हती. नक्कल मुळाच्या जागी बसली, की मूळ हरवल्याची हळहळही कोणाला वाटत नाही.

त्या रात्री मी भाच्याला मूळ चित्रपट लावायला सांगितले. पहिली दहा मिनिटे तो कुरकुरला. नंतर त्याची मांडी हळूहळू माझ्याकडे सरकू लागली. चित्रपट संपला तेव्हा दूरवर मंडईतल्या दंडारीचा ढोल वाजत होता. अंथरुणावर पडता पडता तो म्हणाला, "मामाजी, ओसरीतला दिवा राहू द्या."

मी दिवा राहू दिला. खरे सांगायचे तर तो मलाही हवाच होता.