सायलेन्सर : कानापलीकडचा प्रश्न

‘फटाका’ सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात, तेव्हा चर्चा होते ती फक्त कानठळ्यांची. धुराचे काय? बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. या इंजेक्शनच्या दुचाकींत एक्झॉस्ट पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर पाहून संगणक पेट्रोल सोडतो. वजनाने एका भागाला साधारण १४.७ भाग हवा. पाइप मोकळा केला की हे गणित हलते. एकसारख्या वेगात सेन्सर ते सावरून घेतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र संगणक कंपनीने भरलेल्या आकड्यांवरच चालतो; पेट्रोल कमी पडून इंजिन तापू शकते. ते मालकाचे नुकसान. पण अख्खा पाइप बदलताना अनेकदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही जातो आणि कार्बन मोनॉक्साइड सिग्नलला मागे उभ्या असलेल्यांच्या नाकात. आवाजाचा दंड करताना अशा गाडीची पीयूसी चाचणीही तिथल्या तिथे सक्तीची करावी.