'सत्यशोधक' नावाचा पट्टा

पोलीस ठाण्यात ज्या पट्ट्याने मारतात, त्याला पोलिसांच्या बोलीत 'सत्यशोधक' म्हणतात. गिरणीच्या जाड पट्ट्याचा हातभर तुकडा आणि त्याला लाकडी मूठ. 24 सप्टेंबर 1873 रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात ज्या नावाखाली माणसं एकत्र आणली, ते नाव याच महाराष्ट्रात तळपायांवर ओढायच्या पट्ट्याला दिलं गेलं. आपण ते ऐकून हसलो आणि चार जणांना सांगितलं. शरम कुणालाच वाटली नाही.

पोलिसांचे गुन्हे पोलिसांच्या पदरात घालायलाच हवेत. आज मात्र मला आपल्याबद्दल बोलायचं आहे.

गेल्या वर्षी एका पारधी बाईबरोबर मी ठाण्यात गेलो. तिच्या मुलाला आठवडी बाजारातून उचललं, दोन दिवस ठेवून घेतलं आणि सोडून दिलं. अटक कुठेच दाखवली नाही. ताईंच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत सरकारी दवाखान्याचा केसपेपर, चार घड्या घातलेला. सकाळी दहाला गेलो तर 'साहेब राउंडला गेलेत.' दुपारी दोनला अर्ज घेतला, पण पोच देईनात. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर एक शिक्का, तारीख आणि सही. ती नसली तर अर्ज दिलाच नव्हता असं उद्या कुणीही म्हणू शकतं. मी हटलो नाही, शेवटी शिक्का उमटला. माझ्या हातात कायद्याचं ज्ञान फारसं नव्हतं. अंगातला इस्त्रीचा शर्ट आणि बोलण्यातले चार इंग्रजी शब्द एवढंच होतं. त्याआधी ताई तीनदा एकट्या येऊन गेल्या होत्या. तिन्ही वेळा त्यांना 'ए बाई, बाहेर बस' एवढंच ऐकायला मिळालं होतं.

भर बाजारात ओढून नेलं, ते शंभर माणसांनी तरी पाहिलं असेल. जबाब द्यायला एकही आला नाही. 'नसती भानगड कशाला?' असं काहींनी म्हटलं. काहींनी मान वळवून म्हटलं, 'त्यांची जातच तशी.' पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा, 1871 पासून चालत आलेला इंग्रजांचा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. कागदावर ही माणसं विमुक्त झाली, आपल्या मनात अजून झालेली नाहीत. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्या पुस्तकातला मार आपल्या गावच्या ठाण्यात बसतो, तेव्हा आपण दुकानाचं शटर खाली ओढतो.

पोलिसांवर नजर ठेवायची व्यवस्थाच नाही, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. 22 सप्टेंबर 2006 रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण हवं, त्यावर निवृत्त न्यायाधीश हवेत आणि त्याची शिफारस बंधनकारक हवी. महाराष्ट्राने 2014 साली कायदा केला. त्यात समाजातल्या प्रतिष्ठित व्यक्तीलाही जागा दिली. पण जिल्ह्याचं प्राधिकरण विभागावर नेलं. छत्तीस जिल्ह्यांना सहा विभाग! सिरोंच्याच्या माणसाचा विभाग नागपूर, म्हणजे तीनशे किलोमीटरहून लांब. मजुरी बुडवून, एसटीने, तारखेमागून तारखेला तो किती वेळा जाईल? या बदलाविरुद्ध कुठल्या गावाने ठराव केला? कुठल्या गणेश मंडळाने फलक लावला? ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण अठरा महिने जपावं, निदान वर्षभर तरी, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2020 चा आदेश आहे. ते चित्रण जपून ठेवा, असा अर्ज वेळेत द्यायला हवा. मार खाऊन आलेल्या पोराला हे कोण सांगणार? त्याच्या गल्लीत वकील राहतो, मास्तर राहतो. दोघेही संध्याकाळी मोबाईलवर चकमकीची बातमी बघून 'बरं झालं' म्हणतात.

माणसं मागे उभी राहिली की काय होतं, हे याच राज्याने पाहिलं आहे. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसाने बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. अंगावर जखमा नाहीत याकडे बोट दाखवत सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आरोपींना सोडलं. 1979 साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. ती मुलगी त्यांच्या नात्यागोत्यातली नव्हती. पत्रानंतर बाया रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला. कोठडीत शरीरसंबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने तिचं खरं धरून चालावं, असं ठरलं. त्या मुलीच्या पदरात काही पडलं नाही. तिच्यानंतरच्यांच्या पडलं.

सोबत जायला पदवी लागत नाही. बाकावर शेजारी बसावं लागतं, समोरच्या पोलिसाचा बक्कल नंबर टिपून घ्यावा लागतो, दवाखान्यात डॉक्टर प्रत्येक वळ लिहीपर्यंत थांबावं लागतं. एक दिवसाची रजा जाते.

त्या बाजाराच्या कोपऱ्यावर चहाची टपरी आहे. आठ महिन्यांनी, ताईंच्या तक्रारीच्या सुनावणीची तारीख जवळ आली तेव्हा, मी तिथे सहज बसलो होतो. गिऱ्हाईक पांगल्यावर मालकाने भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं उलटली आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. पेन्सिलीने तीन-चार आकडे लिहिले होते. बक्कल नंबर. 'त्या दिवशीच लिहून ठेवला सर,' तो म्हणाला. 'कुणी विचारायलाच आलं नाही.'

मी ते पान मागितलं. त्याने ते हलक्या हाताने फाडलं, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, 'माझं नाव मात्र येऊ देऊ नका.'